आधी सांग, मग करून बघ

प्रॅक्टिकल म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा जर्नल आठवतं. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. त्यातला निष्कर्ष प्रयोग व्हायच्या आधीच फळ्यावर लिहिलेला असतो, मुलं तो उतरवून घेतात, मग सर नाहीतर मॅडम टेबलावर प्रयोग करून दाखवतात, पुढच्या दोन बाकांना दिसतो आणि मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतात. मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवतो आणि शनिवारी जमेल तसं आजूबाजूच्या शाळांमधे जाऊन आठवी ते दहावीच्या मुलांबरोबर हाताने करायच्या गोष्टी करतो. इतकी वर्षं हे केल्यावर एक गोष्ट मला फार ठामपणे वाटायला लागलीय, की मुलांच्या हातात वस्तू दिली म्हणजे काम झालं असं होत नाही. काय होईल ते त्यांनी आधी सांगायला पाहिजे, मग करून बघायला पाहिजे, आणि सांगितलं तसं झालं नाही की त्या 'का झालं नाही' मधे त्यांना भरपूर वेळ राहू द्यायला पाहिजे. फिजिक्स तिथेच असतं, आणि इंजिनिअरिंगसुद्धा.

मोटरचंच घ्या. दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा आहे, त्यात मोटरची आकृती आहे, चुंबकाजवळच्या तारेतून करंट गेला की ती कुठे ढकलली जाते ते सांगणारा फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आहे, मुलं डाव्या हाताची तीन बोटं काटकोनात धरून नियम घडाघडा सांगतात. मग मी पिशवीतून सामान काढतो. रिवायंडिंगच्या दुकानातून वजनावर आणलेली तांब्याची वाइंडिंग वायर, एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा कापलेला रबर, जुन्या स्पीकरमधलं गोल लोहचुंबक. सेलवरच दहाबारा वेढे गुंडाळायचे की कॉइल तयार, दोन्ही टोकं दोन बाजूंना सरळ बाहेर काढायची, सेफ्टी पिना रबराने सेलच्या दोन टोकांना घट्ट बसवायच्या आणि त्यांच्या भोकात ती अडकवायची, खाली चुंबक ठेवायचं, हलका धक्का द्यायचा. फिरेल का? सगळे हो म्हणतात. आणि पहिल्या फेरीत जवळजवळ कुणाचंच फिरत नाही.

मला हा क्षण फार आवडतो, कारण वर्गातला आवाज एकदम बदलतो. सर, सेल गेलाय. सर, चुंबक वीक आहे. सर, आमची वायर खराब आहे. मी म्हणतो, ठीक आहे, मग सेल गेलाय हे कसं शोधशील? कुणीतरी शेजारच्या ग्रुपचा सेल आणून लावतं, तरी फिरत नाही, म्हणजे सेल गेलेला नव्हता. मग चुंबक बदललं जातं, तेही नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे मी कधी फळ्यावर लिहीत नाही, ते त्यांचं त्यांनाच तिथे समजतं, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि फिरलं तरी कशामुळे फिरलं ते कळत नाही आणि मग दोघांत भांडण लागतं. शेवटी कुणाला तरी सुचतं की ही वायर चमकतेय खरी पण वरून लाख लावल्यासारखी दिसतेय. तिच्यावर इनॅमलचा थर असतो, तो खरवडल्याशिवाय करंट जाणारच नाही. पॉलिश पेपर मागायला येतात. दोन्ही टोकं लख्ख घासतात, आता कॉइल हलते, थरथरते, अर्धा फेरा मारते आणि आडवी होऊन परत जागेवर येते.

इथे खरी मजा आहे. कॉइलचा अर्धा फेरा ज्या दिशेला ढकलला जातो, पुढचा अर्धा फेरा त्याच्या उलट ढकलला जातो, म्हणून ती पुढेमागे होऊन थांबते. पुस्तकातल्या आकृतीत जी स्प्लिट रिंग काढलेली असते ती ह्यासाठीच, दर अर्ध्या फेऱ्याला करंटची दिशा उलटी करायला. आपल्या खेळण्यात रिंग नाही, मग करायचं काय? तर कॉइल उभी धरून एका टोकाची फक्त अर्धीच बाजू घासायची आणि अर्धी तशीच इनॅमलची ठेवायची, म्हणजे उलट ढकलणाऱ्या अर्ध्या फेऱ्यात करंटच बंद होतो आणि कॉइल मिळालेल्या वेगावर तेवढं अंतर काढते. हे मी सांगितलं तर दोन मिनिटांत होतं आणि तेवढ्याच वेळात विसरलंही जातं. म्हणून सांगत नाही. स्प्लिट रिंगची आकृती उघडून ठेवा एवढंच म्हणतो आणि बाजूला होतो. कधी अख्खा तास जातो. एकदा एका मुलाने, त्याच्या काकांचं रिवायंडिंगचं दुकान होतं, खरवडत बसायच्या ऐवजी काडी लावून दोन्ही टोकांचं इनॅमल जाळूनच टाकलं, तिकडे तसंच करतात म्हणाला, पण आता अर्धं इनॅमल ठेवायचं तर ते राहिलंच नव्हतं. त्याच्या ग्रुपमधली मुलगी थोडा वेळ गप्प बसली, मग शेजारच्या वर्गातल्या मॅडमकडून नेलपॉलिश घेऊन आली आणि एका टोकाच्या अर्ध्या बाजूला लावून वाळेपर्यंत फुंकत बसली. मोटर फिरली. ह्याला मी इंजिनिअरिंग म्हणतो, हातात जे आहे त्यातून करंट अडवणारा थर परत तयार करणं, आणि तो नेमका कुठे पाहिजे ते माहीत असणं.

आणखी एक गंमत सांगतो, जे करून बघतील त्यांच्या उपयोगाची आहे. कधीकधी दोन्ही टोकं पूर्ण घासलेली मोटरसुद्धा मस्त फिरते, आणि मग हुशार मुलं येऊन म्हणतात की सर तुमचं लॉजिक चुकलं. चुकलेलं नसतं, कॉइल नीट बॅलन्स नसली की ती पिनांच्या भोकात उड्या मारते, उडी मारली की संपर्क तुटतो आणि तो तुटणंच योगायोगाने स्विचचं काम करून जातं. पण हे उत्तरही मी लगेच देत नाही, मोबाईलच्या स्लो मोशनमधे शूट करा म्हणतो. आणि वायर तापली असं कुणी म्हणालं की मला विशेष बरं वाटतं, कारण एवढ्याशा वायरचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की जवळजवळ शॉर्टसर्किटच असतं, आणि सेल इतक्या लवकर का उतरतो, घरात फ्यूज का लागतो, ह्या सगळ्यावर बोलायचं दार तिथून उघडतं. (घरातल्या प्लगला मात्र ह्यातलं काहीही कधीच जोडायचं नाही, हे मी दर वेळी, अगदी कंटाळा येईपर्यंत सांगतो, आणि जो कुणी हे मुलांबरोबर करेल त्यानेही सांगावं.)

हे असं शिकवणं काही माझी आयडिया नाही, आणि नवीन तर अजिबातच नाही. 1972 साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांमधे एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला, त्यात खेड्यातल्या मिडल स्कूलच्या मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकायचं होतं, आणि मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे त्यांची परीक्षासुद्धा पुस्तक उघडं ठेवून असायची आणि हाताने करायच्या परीक्षेलाही मार्क असायचे. परीक्षा बदलली तरच शिकवणं बदलतं, हे त्या लोकांना तेव्हाच कळलं होतं. 2002 मधे तिथल्या सरकारने तो कार्यक्रम बंद केला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण त्यातूनच अरविंद गुप्तांसारखा माणूस पुढे आला. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोमधे नोकरी, तिथून रजा घेऊन ते होशंगाबादला गेले, आणि तिथे आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी एवढ्यावर त्यांनी मुलांसाठी अख्खी भूमिती उभी केली. नळीचा तुकडा हा सांधा, काडी ही बाजू. चौकोन करा, बोट लावलं की तिरका होतो. पंचकोनही तसाच. त्रिकोण मात्र हलत नाही. पुढे पुण्यातल्या आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कितीतरी वर्षं कचऱ्यातून खेळणी केली, महाराष्ट्रातल्या किती शिक्षकांनी त्यावरून आपल्या वर्गात काय काय केलं असेल ह्याची मोजदाद नाही.

त्रिकोण हलत नाही हे हाताला कळलं की मी मुलांना बाहेर नेतो. शाळेच्या पत्र्याच्या शेडची, पत्रे पेलणारी लोखंडी कैची बघा, लाइटचा मोठा टॉवर बघा, सायकलची फ्रेम बघा, त्रिकोण मोजा. परत आल्यावर पुढचा प्रश्न. टॉवरच्या लांब पट्ट्यांना मधेमधे आडव्यातिडव्या छोट्या पट्ट्या कशाला लावल्यात?

त्याच्यासाठी माझा सगळ्यात लाडका प्रयोग आहे, आणि त्याला लागतो फक्त किचनमधला डिजिटल वजनकाटा आणि बांबूच्या बारीक काड्या, हॉटेलात पनीर टिक्का लावून देतात त्या. 30 सेंटीमीटरची काडी काट्यावर उभी धरायची, वरून बोटाने सरळ खाली दाबत जायचं आणि आकडा बघायचा. आकडा वाढत जातो, मग एका क्षणी काडी बाजूला वाकते आणि त्यानंतर कितीही दाबलं तरी आकडा पुढे जात नाही. तो आकडा लिहून घ्यायचा. (डोळ्यासमोर काडी धरायची नाही, मोडली तर उडते.) आता तीच काडी अर्धी करायची, 15 सेंटीमीटर. दाबायच्या आधी सांगा, किती भार घेईल? बहुतेक सगळे दुप्पट म्हणतात, काही जण तेवढाच म्हणतात, कारण काडी तीच आहे. करून बघितल्यावर आकडा चौपटीच्या आसपास येतो. बरोबर चौपट शक्यतो येत नाही, बांबू सगळीकडे सारखा जाड नसतो आणि बोटही सरळ राहत नाही, पण दुप्पट नाही हे स्पष्ट दिसतं. मग एक तृतीयांश लांबी केली तर? आता कुणीतरी हळूच नऊपट म्हणतं, आणि मला तेव्हा जे वाटतं ते शब्दात सांगता येत नाही. ऑयलर ह्या गणितज्ञाने 1744 साली हे गणिताने मांडलं होतं, मी इंजिनिअरिंगला तिसऱ्या सेमिस्टरच्या मुलांना तेच फळ्यावर शिकवतो, आणि इथे आठवीतलं पोर वजनकाट्यावरून तिथे पोचतं. सूत्राचं तोंडही न बघता.

आणि मग टॉवर परत बघायचा. मधे आडवी पट्टी बांधली की लांब पट्टीची वाकायची लांबी निम्मी झाली, म्हणजे त्याच लोखंडात चौपट ताकद. बांधकामावर परांचीला मधे आडवे बांबू बांधतात तेही त्यासाठीच. एका मुलाचे वडील सेंट्रिंगचं काम करायचे, तो म्हणाला आमचे पप्पा दोन टेकूंना मधे फळी ठोकतात, का ठोकतात ते आज कळलं. त्याने घरी जाऊन वडिलांना ते सांगितलं की नाही माहीत नाही, पण मला वाटतं सांगितलं असेल.

ह्या टोकाला मला पाबळची आठवण होते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत पीएचडी केलेला, हिंदुस्तान लिव्हरमधे संशोधन केलेला माणूस दुष्काळी गावात जाऊन राहिला, आणि शाळा सोडलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती हे सगळं खरंखुरं काम करत करत शिकवायला लागला. त्यांच्याकडून जे घेण्यासारखं आहे ते माझ्या मते हे की मुलांनी केलेली वस्तू किंवा सेवा गावातल्या कुणाच्या तरी उपयोगी पडली पाहिजे. शाळांसाठी त्यांनी जो मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम केला त्यातही आठवड्यातून एक दिवस मुलं असंच काम करतात. प्रदर्शनात मांडलेल्या मॉडेलवर परीक्षक दोन मिनिटं थांबतात. पण शेजारच्या आजींच्या घरातला बल्बचा होल्डर दुरुस्त केला आणि तो महिन्याने परत बंद पडला, तर आजी बोलावून घेतात, आणि ते बोलावणं हीच खरी परीक्षा. म्हणून मला थर्माकोलच्या धरण-पवनचक्कीपेक्षा स्वतः रिपेअर केलेली टॉर्च जास्त आवडते. 2002 मधे अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर वस्तू बनवायची कार्यशाळा, ह्याच पाबळला उभी राहिली, मुंबई-पुण्यात नाही, हे मी माझ्या पॉलिटेक्निकच्या मुलांना मुद्दाम सांगतो, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना खेड्यातून आल्याचा संकोच असतो.

महाग सामान असलंच पाहिजे असं नाही, आणि असलं तर वाईट असंही नाही. आता बऱ्याच शाळांत टिंकरिंग लॅब आल्यात, थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, अर्डुइनो, फार छान आहे. पण मी अशाही शाळा बघितल्यात जिथे हे सगळं कुलपात असतं, कारण डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, नोंद आहे आणि काही तुटलं तर ते ज्या शिक्षकाच्या सहीवर आहे त्यालाच उत्तर द्यावं लागतं. त्या शिक्षकाला दोष देऊन उपयोग नाही. मुलं हाताळणार म्हणजे काही ना काही तुटणारच, आणि तुटण्याची सोय हिशोबातच धरायला पाहिजे, खडू संपणारच हे जसं धरूनच चालतात तसं. तोपर्यंत इंजेक्शनच्या सिरिंज आहेतच.

सिरिंजचा जेसीबी तुम्ही यूट्यूबवर बघितला असेल. मुलांना तो करायला प्रचंड आवडतो, पण तिथेच थांबलं तर ते फक्त खेळणं होतं. सुया काढून टाकलेल्या नवीन सिरिंज घ्या, एक 5 मिलीची, एक 20 मिलीची, सलाइनच्या नळीने जोडा, पाणी भरा. आता दोघांनी दोन टोकं धरून एकमेकांविरुद्ध दाबायचं, बारीक सिरिंजवाला जिंकतो, भले तो वर्गातला सगळ्यात लहान मुलगा का असेना. पाण्यातला दाब दोन्हीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम इथे अंगठ्याला कळतो. मग फुटपट्टी लावा. बारीक सिरिंजमधून 4 मिली पाणी ढकललं की मोठीतही 4 मिलीच गेलं, सिरिंजवर आकडे छापलेलेच असतात, पण मोठीचा दट्ट्या कमी अंतर सरकला. ताकद वाढली तेवढं अंतर कमी झालं, फुकट काहीच मिळालं नाही. आणि नळीत हवेचा एक बुडबुडा मुद्दाम ठेवून परत करा. दट्ट्या मऊ लागतो, उशिरा हलतो, कारण हवा दबते आणि पाणी दबत नाही म्हणण्याइतकं कमी दबतं. गॅरेजमधे ब्रेक ऑइल बदलल्यावर मेकॅनिक पाइपातली हवा काढत का बसतो, हे ज्याने अंगठ्याने अनुभवलंय त्याला परत सांगावं लागत नाही.

एक गोष्ट लक्ष ठेवून करावी लागते. ग्रुप केले की पाचदहा मिनिटांत मुलगे स्क्रूड्रायव्हर घेतात आणि मुली वही. कुणी सांगितलेलं नसतं, आपोआप होतं. मी नियमच केलाय, वही फिरत राहणार, दर थोड्या वेळाने लिहिणारा बदलणार, आणि पाना-पक्कड ज्याच्या हातात नाही त्याने पुढच्या वेळी पहिल्यांदा धरायचं. शिलाई मशीन मात्र मुलींच्या ओळखीचं असतं, तिथे त्यांना पुढे येऊन सांगायला लावतो, की खालचं मोठं चाक एकदा फिरलं की वरचं छोटं किती वेळा फिरतं, दोन्ही चाकांना दोरा गुंडाळून घेर मोजा, आकडा जुळतो का बघा. पॉलिटेक्निकला बेल्ट ड्राइव्हचं गणित अडतं तेव्हा मला वाटतं की ह्यातल्या एखाद्या मुलीला तिकडे नेऊन उभी करावी.

बरेच शिक्षक विचारतात, सुरुवात कशाने करू, सामान काहीच नाही. जिन्याने करा. मजला असलेली शाळा, मोबाईलमधलं स्टॉपवॉच, फुटपट्टी आणि माणसाचं वजन करायचा काटा. एका पायरीची उंची मोजा, 15 सेंटीमीटरच्या 20 पायऱ्या असतील तर 3 मीटर झाले. 50 किलोचा मुलगा वर गेला की गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याने 50 गुणिले 9.8 गुणिले 3, म्हणजे 1470 ज्यूल काम केलं. 4 सेकंदात चढला तर साधारण 367 वॅट, म्हणजे जवळजवळ अर्धा हॉर्सपॉवर. विहिरीवरची 5 एचपीची मोटर म्हणजे असे दहा जण न थांबता जिना चढतायत, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगा आणि त्याचा चेहरा बघा. मग आधी अंदाज करायला लावा की एका मजल्याच्या कामात 9 वॅटचा एलईडी बल्ब किती वेळ जळेल. कुणी दोन तास म्हणतं, कुणी रात्रभर. येतात साधारण पावणेतीन मिनिटं. आणि लाइट बिलातलं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल, म्हणजे तोच मजला जवळजवळ 2450 वेळा चढायचा. कळसूबाईची उंची 1646 मीटर, तोच 50 किलोचा मुलगा समुद्राच्या पातळीपासून थेट शिखरापर्यंत चढला तरी पाव युनिटसुद्धा होत नाही. हे गणित मुलं पाठ करत नाहीत, घरी जाऊन सांगतात, आणि मग घरचे लाइट बिल काढून युनिट बघतात.

हे करताना वजन मात्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं नाही. ह्या वयात मुलींना, आणि जाड किंवा खूप बारीक मुलांनाही, त्याचा त्रास होतो, आणि एकदा कुणी हसलं की ते मूल पुढच्या शनिवारी येत नाही. ज्याचं त्याने काट्यावर बघायचं आणि स्वतःच्याच वहीत लिहायचं, ज्यूलही स्वतःचे स्वतः काढायचे. नाहीतर 10 लिटर पाण्याची बादली प्रत्येकाने वर न्यायची आणि फक्त पाण्यावर झालेलं काम मोजायचं, म्हणजे सगळ्यांचे ज्यूल सारखेच येतात आणि फरक उरतो तो फक्त सेकंदांचा. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल त्याच्या हातात स्टॉपवॉच द्यायचं. आणि पायऱ्या ओल्या असतील त्या दिवशी हे करायचं नाही, त्या दिवशी वजनकाटा आणि बांबूच्या काड्या काढायच्या.